मॅट मोलॉय यांचा कोणता अल्बम आधी ऐकावा? बासरी शिकणाऱ्या एका वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सात वर्षे बासरी शिकत आहेत. अलीकडे त्यांनी डी स्वराची टिन व्हिसल (सहा छिद्रांची, उभी धरून वाजवायची धातूची छोटी शिट्टी) घेतली असून पुढे लाकडी आयरिश फ्लूट घेण्याचा त्यांचा विचार आहे. आयरिश फ्लूटवादक मॅट मोलॉय यांच्या १९७६ च्या पहिल्या अल्बमपासून २००७ च्या 'पाथवे टू द वेल'पर्यंत सर्वांत चांगला अल्बम कोणता, आणि एकच निवडून वर्षभर त्यावरच काम करायचे असेल तर कोणता निवडावा, असे त्यांनी विचारले आहे.

मी बासरी बत्तीस वर्षे वाजवतो आणि आयरिश फ्लूट अठरा वर्षे. त्यातली सहा वर्षे नोकरीनिमित्त आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर राहत होतो आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथल्या वादकांबरोबर बसत होतो. त्या अनुभवावरून सांगतो की या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. 'सर्वांत चांगला' अल्बम कोणता, याचे उत्तर ऐकणाऱ्याच्या आवडीवर अवलंबून आहे आणि त्यावर वाद घालण्यात मला रस नाही. 'ज्यावर वर्षभर काम करता येईल' असा अल्बम कोणता, याचे उत्तर मात्र बऱ्यापैकी निश्चितपणे देता येते, कारण तिथे एकच गोष्ट पाहायची असते: या ध्वनिमुद्रणात वादकाची फुंक आणि बोटे आपल्याला किती उघडपणे ऐकू येतात? मोलॉय यांच्या बाबतीत ही गोष्ट त्यांच्या वयापेक्षा किंवा तयारीपेक्षा त्यांच्या शेजारी कोण बसले आहे यावर ठरते, असे माझे मत आहे. पुढचे सगळे उत्तर या एका मुद्द्याभोवती आहे.

आधी वादकाविषयी आवश्यक तेवढे सांगतो. मोलॉय यांचा जन्म १९४७ साली रॉसकॉमन परगण्यातल्या बॅलाघाडरीन या गावचा. रॉसकॉमन, स्लायगो, लीट्रिम आणि मेयोचा काही भाग हा आयर्लंडमधला फ्लूटचा मुलूख मानला जातो, आणि त्यांचे वडीलही फ्लूट वाजवत. १९७० च्या दशकात ते बॉथी बँड या गटात वाजवत होते. १९७९ मध्ये ते चीफटन्स या जगभर फिरणाऱ्या गटात गेले. त्या मुलखाची जुनी फ्लूट जोरकस फुंकीची आणि तुलनेने साध्या अलंकारांची होती. मोलॉय यांनी त्यात इलिअन पाइप्स या आयरिश पाइपवाद्याची बोटांची कारागिरी आणली आणि तीही फुंकीचा जोर कमी होऊ न देता. त्यांच्यानंतर फ्लूट हाती घेतलेल्या बहुतेकांच्या वादनात हे कुठे ना कुठे ऐकू येते. म्हणूनच शिकणाऱ्याने त्यांच्यापासून सुरुवात करणे योग्य आहे, इतके मी निःशंकपणे सांगेन.

आता अल्बमांकडे वळू. १९७६ चा पहिला अल्बम त्यांच्याच नावाचा आहे. तो मुलिगन या डब्लिनच्या कंपनीने काढला आणि त्यावर साथीला डोनाल लनी यांची बुझुकी आहे. बुझुकी हे मूळचे ग्रीक तंतुवाद्य १९६० च्या दशकात आयर्लंडमध्ये आले आणि तिथलेच झाले. ते छेडून वाजते, म्हणजे छेडल्याबरोबर स्वर उमटतो आणि लगेच विरू लागतो. ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट शिकणाऱ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. विरणाऱ्या स्वरांच्या मधल्या जागेत फ्लूटवाला कुठे श्वास घेतो, कोणता स्वर त्यासाठी सोडून देतो, कोणत्या स्वराला फुंकीचा धक्का देतो, हे सगळे उघडे पडते.

१९७८ च्या अल्बमवर मोलॉय यांच्यासोबत डोनेगल परगण्यातले फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिनच) टॉमी पीपल्स आणि गिटारवर पॉल ब्रेडी आहेत. माझ्या संग्रहातली सर्वांत जास्त झिजलेली तबकडी हीच आहे आणि केवळ आनंदासाठी एकच निवडायची वेळ आली तर मी बहुधा हीच उचलेन. फ्लूट आणि फिडल एकच धून एकाच वेळी वाजवतात, पण प्रत्येकाचे अलंकार स्वतःचे असतात. गायकामागे सारंगी चालते तसे हे नाते नाही, कारण सारंगी गायकाच्या मागे राहते आणि इथे दोघेही बरोबरीने पुढे असतात. अडचण अशी की फिडलला श्वास घ्यावा लागत नाही. गज चालू असतो, स्वर अखंड असतो, आणि मोलॉय यांनी श्वासासाठी सोडलेली प्रत्येक फट पीपल्स यांच्या गजाने भरून निघते. ऐकताना वाटते की फ्लूट कुठे थांबतच नाही.

मी स्वतः या अल्बमवरून शिकायला सुरुवात केली आणि त्यात पहिली दोन वर्षे चुकीच्या दिशेने गेली. मोलॉय कधी श्वास घेतात हे मला ऐकूच येत नव्हते, म्हणून मी आठ मात्रा एका दमात काढायचा हट्ट धरला आणि मग जिथे दम संपेल तिथे, बासरीवर वाक्य संपल्यावर घेतो तसा, निवांत श्वास घेऊ लागलो. धून दर वेळी लंगडत असे. एका संध्याकाळी शेजारी बसलेल्या एका वयस्कर फ्लूटवादकाने माझी रील (नाचाची एक जलद धून) संपल्यावर फ्लूट खाली ठेवली आणि मांडीवर बोटाने ठेका धरत तीच धून तोंडाने म्हणून दाखवली. काही स्वर त्यांनी मुद्दाम गिळले. गिळलेल्या प्रत्येक स्वराच्या जागी त्यांच्या खांद्याची एक छोटी उसळी दिसत होती, आणि ठेका केसभरही हलत नव्हता. त्या दिवशी मला कळले की या संगीतात श्वास धुनेच्या बाहेर घ्यायचा नसतो, तो एखाद्या स्वराच्या बदल्यात धुनेच्या आतच घ्यायचा असतो, आणि कोणता स्वर द्यायचा ही निवडच वादकाची ओळख होऊन बसते.

हे का घडते, ते समजण्यासाठी धुनेची बांधणी लक्षात घ्यावी लागते. रील या प्रकारात साधारणतः आठ मापांचा एक भाग आणि तेवढाच दुसरा भाग असतो. प्रत्येक भाग दोनदा वाजवला की ३२ मापांचे एक आवर्तन पूर्ण होते. मिनिटाला ११२ ठोके आणि प्रत्येक मापात दोन ठोके असा हिशेब धरला, तर हे आवर्तन सुमारे ३४ सेकंदांत संपते. ते दोन-तीनदा वाजवून वादक मध्ये न थांबता दुसऱ्या धुनेत जातो. या संपूर्ण प्रवासात लिहिलेली विश्रांती कुठेही नाही. नाचण्यासाठी जन्मलेले हे संगीत असल्याने ठेका थांबवण्याची मुभा नाही. साहजिकच, जो फ्लूटवादक श्वासाच्या जागा आधीच ठरवत नाही, त्याच्यासाठी त्या जागा त्याचा दमच ठरवतो.

म्हणून काम करण्यासाठी माझी शिफारस १९७६ च्या अल्बमची आहे. वर्षभर एकच अल्बम वापरायचा असेल तर तोच वापरावा.

शिफारशीला अर्थातच अटी आहेत. तुमचा कान अजून या संगीताला सरावला नसेल आणि सगळ्या रील्स सारख्याच वाटत असतील, तर हा अल्बम सुरुवातीला कोरडा वाटेल. तसे असल्यास पहिले दोन महिने १९७८ चा त्रिकुटाचा अल्बम किंवा १९८५ चा 'कंटेंटमेंट इज वेल्थ' केवळ ऐकावा, सोबत वाद्य घेऊ नये. १९८५ च्या अल्बमवर चीफटन्समधले त्यांचे सहकारी शॉन कीन फिडलवर आणि आर्टी मॅकग्लिन गिटारवर आहेत. त्याचा स्वभाव १९७८ च्या मानाने अधिक स्थिर आणि घरगुती आहे; मोलॉय आणि कीन हे रोज एकत्र वाजवणारे लोक होते हे त्यातून जाणवते. फ्लूट आणि फिडल एकमेकांना कसे ऐकतात हे शिकण्यासाठी तो उत्तम आहे. फुंक शिकण्यासाठी मात्र त्यालाही तीच अडचण लागू होते.

१९८७ चा 'स्टोनी स्टेप्स' हा मोलॉय यांच्या चाळिशीतला अल्बम आहे, आणि 'पहिला घ्यावा की हा' असा प्रश्न बहुतेक जण विचारतात. माझ्या कानाला यात त्यांचा सूर अधिक गोल आणि भरलेला वाटतो, खर्जातला डी अधिक ठाम वाटतो, आणि जलद धुनांमध्येही घाई जाणवत नाही. १९७६ मध्ये अंगावर येणारी एक धार आहे. ती इथे मावळलेली नाही, पण तिच्यावर ताबा आला आहे. केवळ वादनाचा दर्जा पाहायचा तर मी दोघांत फरक करणार नाही. शिकणाऱ्याने मात्र आधी धार ऐकावी आणि मग ताबा, कारण ताबा कशावर ठेवला आहे हे कळल्याशिवाय त्याची नक्कल केली की वादन नुसते गुळगुळीत होते. बासरीवाल्यांना हा धोका जास्त असतो, कारण गोल, मऊ सुराची सवय आपल्याला आधीपासूनच असते.

'पाथवे टू द वेल' २००७ चा, म्हणजे मोलॉय साठीला पोहोचले तेव्हाचा आहे. त्यावर जॉन कार्टी यांचे फिडल आणि पुन्हा आर्टी मॅकग्लिन यांची गिटार आहे. वाजवण्यात कुठेही काही सिद्ध करण्याची ओढ नाही, आणि हीच त्याची थोरवी आहे. मी तो वारंवार ऐकतो. पण तुमच्या आजच्या टप्प्यावर तो हाती घेऊ नये असे मला वाटते. तो चौथ्या-पाचव्या वर्षी ऐकला तर त्यातल्या सुटसुटीतपणामागे काय काय आहे ते कळेल.

एक सावधगिरीची सूचना. 'म्यूझिक ॲट मॅट मोलॉयज' हा अल्बम मोलॉय यांचा एकल अल्बम समजून घेऊ नये. मेयो परगण्यातल्या वेस्टपोर्ट गावात ब्रिज स्ट्रीटवर त्यांचा पब आहे. तिथे जमणाऱ्या अनेक वादकांचे ते ध्वनिमुद्रण आहे. तिथल्या बैठकीचे वातावरण कसे असते हे त्यातून फार छान कळते, पण एका वादकाची फुंक अभ्यासण्यासाठी तो उपयोगाचा नाही.

आता तुमच्या हातातल्या वाद्याविषयी, कारण त्यावाचून वरची शिफारस अपुरी राहील. डी व्हिसलची सहाही छिद्रे बंद केली की डी निघतो आणि वरची तीन बंद ठेवली की जी. आपल्या बासरीत वरची तीन छिद्रे बंद म्हणजे षड्ज, आणि सहाही बंद म्हणजे मंद्र पंचम. त्यामुळे डी व्हिसल किंवा डी फ्लूट हातात घेतली की तुमच्या बोटांना ती पांढरी पाचच्या बासरीसारखीच वाटेल. फरक शुद्ध मध्यमाचा. बासरीवर तो आपण अर्धे छिद्र उघडून काढतो. व्हिसलवर मात्र सर्वांत वरचे छिद्र उघडे ठेवून दुसरे आणि तिसरे बंद केले की तो मिळतो, आणि रीलच्या वेगात हीच बोटरचना चालते. बासरीवाल्यांची बोटे सवयीने अर्ध्या छिद्राकडे जातात. पहिल्याच आठवड्यात ही सवय मोडावी, नाहीतर जी पट्टीतली प्रत्येक धून त्या एका स्वरावर अडखळेल.

दुसरा फरक मींडेचा आहे. आपल्याकडे दोन स्वरांमधला प्रवास हाच रस असतो. इथे बहुतेक ठिकाणी स्वर एकमेकांपासून बोटाच्या फटक्याने वेगळे केले जातात. वरचे बोट क्षणभर उचलून टेकवले की त्याला 'कट' म्हणतात, खालचे छिद्र क्षणभर बंद करून उघडले की त्याला 'टॅप'. एका लांब स्वरावर आधी कट आणि मग टॅप दिला की 'रोल' होतो. कट आणि टॅप यांना स्वतःचा सूर ऐकू येऊ द्यायचा नसतो. तबल्यावरच्या बोलासारखा त्यांचा आघात तेवढा ऐकू आला पाहिजे. खर्जातल्या डीवर सगळी छिद्रे आधीच बंद असल्याने टॅप द्यायला खाली छिद्र उरत नाही. तिथे वेगवेगळ्या बोटांचे दोन-तीन कट एकापाठोपाठ देतात. याला 'क्रॅन' म्हणतात आणि तो पाइप्सवरून आला आहे. मोलॉय यांचे क्रॅन हे त्यांच्या वादनाचे फार मोठे वैशिष्ट्य आहे. पहिल्या अल्बममध्ये मंद्र पंचमाच्या जागी काहीतरी बुडबुडल्यासारखे ऐकू आले की तिथे थांबावे आणि मागे जाऊन पुन्हा ऐकावे.

तुमच्या हातात सध्या व्हिसल आहे आणि अभ्यास फ्लूटचा करायचा आहे, यात काही विसंगती नाही का, असे तुम्हाला वाटू शकते. बोटांपुरती ती नाही. मोलॉय यांनी स्वतः बॉथी बँडमध्ये फ्लूटबरोबर व्हिसलही वाजवली आहे. जिभेपुरती मात्र विसंगती आहे. फ्लूटवाले जिभेचा वापर कमी करतात आणि स्वर तोडण्याचे काम फुंकीच्या धक्क्याने किंवा घशाने करतात. व्हिसलला फुंकीच्या जोराची तेवढी मुभा नाही. जोर वाढवला की सूर चढतो किंवा थेट वरच्या सप्तकात उडी मारतो. म्हणून व्हिसलवर जिभेला जास्त काम असते. हे शिकण्यासाठी मेरी बर्गिन यांचा १९७९ चा 'फॅडोगा स्टॉन' हा अल्बम जवळ असावा. नावाचा अर्थच टिन व्हिसल असा आहे. त्यावर साथीला ॲलेक फिन यांची बुझुकी आणि बोरॉन हे एका हाताने काठीने वाजवले जाणारे चर्मवाद्य आहे, म्हणजे पुन्हा तेच: विरणारे स्वर आणि उघडे पडलेले व्हिसलचे काम. बर्गिन यांची जीभ इतकी स्वच्छ आहे की सुरुवातीला ती ऐकू येत नाही, फक्त प्रत्येक स्वर धुतलेला वाटतो. त्यांचा दुसरा एकल अल्बम १४ वर्षांनी, १९९३ मध्ये आला. दोन्ही मोलाचे आहेत, पण वर सांगितलेल्याच कारणाने पहिला आधी.

संथ धुनांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण प्रत्येक बासरीवाला प्रथम तिकडेच ओढला जातो, मीही गेलो होतो. ठेक्याशिवाय, लांब स्वरांनी वाजणारी ही धून आपल्याला आलापाच्या जवळची वाटते. मात्र यातल्या पुष्कळशा धुना आयरिश भाषेतल्या साथीशिवाय गायल्या जाणाऱ्या जुन्या गाण्यांच्या आहेत, आणि कोणता स्वर किती लांबवायचा हे त्या गाण्याच्या शब्दांवर ठरते. शब्द ठाऊक नसताना आपण आपल्या सवयीने स्वर लांबवतो आणि धून सुंदर वाटली तरी ती तीच धून राहत नाही. त्यामुळे संथ धून हाती घेण्याआधी ते गाणे एखाद्या गायकाच्या तोंडून ऐकावे. तोपर्यंत रील आणि जिग (नाचाच्या धुनेचा आणखी एक प्रकार) यांवरच काम करावे.

आता काम कसे करायचे ते सांगतो. १९७६ च्या अल्बममधली एकच रील निवडा, शक्यतो अशी जी तुम्हाला गुणगुणता येते. ट्यूनर लावून आधी तिची पट्टी तपासा, कारण आयरिश फ्लूटवादक कधीकधी डीऐवजी अर्ध्या स्वराने वरचे वाद्य घेतात, आणि तसे असेल तर तुमची डी व्हिसल सोबत वाजवताना बेसूर लागेल. अशा वेळी ध्वनिमुद्रणाची पट्टी सॉफ्टवेअरने अर्ध्या स्वराने खाली आणावी आणि त्याच सॉफ्टवेअरने वेगही साठ-सत्तर टक्क्यांवर आणावा.

माझ्या वहीत प्रत्येक धुनेसाठी एक पान असते. त्यावर मी सरगम लिहीत नाही, फक्त आठ मापांच्या आठ चौकटी आडव्या काढतो आणि प्रत्येक आवर्तनासाठी त्याखाली एक ओळ ठेवतो. ऐकताना जिथे श्वास येतो तिथे पेन्सिलने छोटी खूण, जिथे स्वर सोडला आहे तिथे गोल, जिथे फुंकीचा धक्का आहे तिथे आडवी रेघ. चार-पाच वेळा ऐकून पहिली ओळ भरते. दुसऱ्या आवर्तनाची ओळ भरल्यावर लक्षात येते की श्वासाच्या काही जागा त्याच आहेत आणि काही सरकल्या आहेत, कारण जो स्वर पहिल्यांदा सोडला होता तो दुसऱ्यांदा वाजवायचा असतो आणि त्याच्या बदल्यात शेजारचा सोडायचा असतो. या सरकण्यातच धून प्रत्येक वेळी नवी वाटते. बंदिशीच्या मुखड्यावर दर वेळी वेगळ्या वाटेने येण्याची सवय असलेल्या माणसाला हे पटकन कळते, आणि इथे तुमची सात वर्षांची बासरी खरोखर कामी येईल.

वहीतल्या दोन ओळी पूर्ण होईपर्यंत वाद्य हाती घेऊ नये. त्यानंतर पहिला महिना केवळ श्वासाच्या जागा आणि सोडलेले स्वर जसेच्या तसे पाळून, एकही रोल किंवा क्रॅन न घेता, धून वाजवावी. रिकामी धून ठेक्यावर न लंगडता चालू लागली की मग एकेका जागी अलंकार आणावेत, आठवड्याला एकापेक्षा जास्त नाही. सहा महिन्यांनी अशा चार-पाच रील्स तयार होतील. तेव्हा १९७८ चा अल्बम पुन्हा लावून पाहा. पीपल्स यांच्या गजाखाली झाकलेले मोलॉय यांचे श्वास तुम्हाला आता ऐकू येऊ लागतील. न आल्यास आणखी दोन महिने पहिल्या अल्बमवरच राहावे, आणि लाकडी फ्लूटची खरेदीही तोपर्यंत पुढे ढकलावी.